दुरुस्ती वेगळी, साफसफाई वेगळी

परदेशात काम करताना नेमकं काय वेगळं वाटतं, असं मित्र विचारतात तेव्हा मी आधी कोड रिव्ह्यूबद्दल, म्हणजे एकाने लिहिलेला प्रोग्रॅमचा कोड दुसऱ्याने तपासण्याबद्दल, सांगतो. माझी टीम वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये विखुरलेली आहे. मी पुल रिक्वेस्ट (माझा बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती) टाकून झोपतो तेव्हा ती वाचणाऱ्याचा दिवस सुरू होत असतो. खुर्ची वळवून "अरे, ही ओळ का बदललीस?" असं विचारायची सोय नाही. जे सांगायचं ते डिफमधूनच, म्हणजे काढलेल्या आणि घातलेल्या ओळींच्या यादीतूनच, कळायला हवं. म्हणून इथे एक पथ्य कसोशीने पाळतात: बगची दुरुस्ती आणि कोडची साफसफाई एकाच बदलात घालायची नाही.

मध्यंतरी एक बग आला. सवलतीच्या शेवटच्या दिवशीच सवलत नाकारली जात होती. तारखांच्या तुलनेत < होतं, तिथे <= हवं होतं. दोष एवढाच. पण सहकाऱ्याने जाता जाता फाइलचं इंडेंटेशन (ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा) सारखं केलं, व्हेरिएबलची नावं सुधारली, एक फंक्शन खाली हलवलं. डिफ उघडला तर लाल-हिरव्या ओळींची रांगच, आणि ते एक चिन्ह कुठेतरी मध्ये. आमच्या सीनियर बाईंनी शांतपणे लिहिलं, "दोन्ही कामं चांगली झाली आहेत. वेगळी करून पाठव, म्हणजे नीट वाचता येतील."

वेगळी झाल्यावर पहिल्या पुल रिक्वेस्टमध्ये एक बदललेली ओळ होती आणि आधी फेल होणारी, आता पास होणारी एक टेस्ट (कोड तपासणारा छोटा प्रोग्रॅम). ती लगेच मंजूर झाली. साफसफाईवर मात्र सविस्तर चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. कारण दुरुस्ती वाचताना आपण बघतो, प्रोग्रॅमची वागणूक हवी तशी बदलली का? साफसफाई वाचताना बघतो, वागणूक कुठेही बदलली नाही ना? एकाच डिफवर हे दोन्ही प्रश्न धरून वाचणं भल्याभल्यांना जमत नाही.

साफसफाईला कमी लेखू नये. 2006 मध्ये डेबियन या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या पॅकेजमधून, तपासणी टूलच्या वॉर्निंग बंद व्हाव्यात म्हणून, काही ओळी काढल्या गेल्या. त्यामुळे एन्क्रिप्शनच्या किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता जवळपास प्रोसेस क्रमांकापुरती (चालू प्रोग्रॅमला मिळणाऱ्या क्रमांकापुरती) उरली, म्हणजे किल्ल्या अंदाजाने ओळखता येण्याजोग्या झाल्या. हे उघड झालं थेट 2008 मध्ये.

रिव्ह्यू संपल्यावरही या सवयीचा उपयोग होतो. गिट हे कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं टूल. त्यातलं बायसेक्ट हजार कमिटांमधून, म्हणजे नोंदवलेल्या बदलांमधून, दोषी कमिट साधारण दहा पायऱ्यांत शोधून देतं, पण ते कमिटच अवाढव्य असेल तर खरा शोध तिथून पुढे सुरू होतो. रिव्हर्टचंही तसंच. नावं बदलताना काही बिघडलं आणि कमिट मागे घेतलं, तर सोबत दुरुस्तीही जाते, आणि ग्राहकाला जुना बग परत भेटतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, स्टेबल शाखेत तर स्पेलिंग किंवा मोकळ्या जागांची डागडुजी जोडलेली दुरुस्ती नियमातच बसत नाही. केवळ फॉरमॅटिंगची कमिटं वेगळी असली तर कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणाऱ्या गिट ब्लेमला ती वगळायलाही सांगता येतं. 2019 च्या 2.23 आवृत्तीपासून ही सोय आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खरा आहे: "नंतर करू" म्हटलेली साफसफाई कधीच होत नाही. आमच्याकडे त्यावर उपाय म्हणून साफसफाईच्या छोट्या पुल रिक्वेस्ट लगोलग वाचल्या जातात, रेंगाळत नाहीत. वाचणाऱ्यांनी एवढं केलं नाही, तर लिहिणाऱ्याला शिस्त शिकवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. ज्या ओळीत दुरुस्ती आहे त्याच ओळीतली एखादी स्पेलिंगची चूक सुधारली म्हणून कुणाला परत पाठवणं हाही अतिरेकच.

बदल आधीच एकत्र झाले असतील तर गिट ॲड -पी वापरा. ते एकेक तुकडा दाखवून घ्यायचा की नाही ते विचारतं. क्रमाचं म्हणाल तर, ग्राहक अडला असेल तेव्हा आधी दुरुस्ती, भले कोड कितीही विस्कटलेला असो. घाई नसेल आणि गुंता सोडवल्याशिवाय दुरुस्ती सुचतच नसेल, तर आधी साफसफाई पाठवा आणि ती मर्ज झाल्यावर (मुख्य कोडमध्ये मिसळल्यावर) दुरुस्ती.