घोडे आत असले की

मी मूळचा इचलकरंजीचा ऑटो इलेक्ट्रिशियन, सध्या कॅनडात कॅलगरीजवळच्या एका गॅरेजात. आपल्याकडे न दिसणारी एक चीज इथं रोज हाताखाली येते: ट्रेलर ब्रेक कंट्रोलर. पिकअपचा ब्रेक दाबला की तो निळ्या वायरीतून ट्रेलरच्या ड्रममधल्या मॅग्नेटना करंट सोडतो. मॅग्नेट फिरत्या ड्रमला चिकटून ओढला जातो आणि लायनर उघडतात.

मे महिन्यात साठीची एक बाई दोन घोड्यांचा ट्रेलर घेऊन आली. जॉब कार्डावर काउंटरवरच्या पोरानं खरडलेलं, 'कंट्रोलर अधूनमधून शॉर्ट दाखवतो.' बस. आधीच्या दुकानानं कंट्रोलरच नवा बसवला होता. कळलं नाही की पार्ट बदल, ही इथली रीतच आहे.

सात पिनांचा प्लग सोडवून निळ्या (ब्रेक) आणि पांढऱ्या (अर्थ) पिनांत ओहम पाहिले. एक मॅग्नेट साधारण 3.2 ओहमचा, दोन ॲक्सल, चार मॅग्नेट पॅरलल, म्हणजे 0.8. मीटरनं 0.9 दाखवलं, त्यात प्रोबच्या वायरी आल्या. पण आमचे वस्ताद म्हणायचे, मीटर गोड बोलतो, लोड टाकून बघ. म्हणून प्लग परत लावला, कंट्रोलरचा लिव्हर (नुसते ट्रेलरचे ब्रेक हातानं लावायचा) पूर्ण दाबला आणि वायरीला बाहेरून पकडणाऱ्या क्लॅम्प मीटरमध्ये करंट बघितला. 13 अँपिअर, चौघांना शोभेल असा. वायरी हलवल्या, यार्डात दोन चकरा मारल्या. 'दोष आढळला नाही' लिहून सही ठोकली.

चौथ्या दिवशी बाई परत दारात. इथून जवळच्या कॉक्रन गावाच्या उतारावर कंट्रोलरच्या स्क्रीनवर शॉर्ट आला आणि ट्रेलरचे ब्रेक गेले. मागे दोन घोडे, टनभर वजन, सगळं पिकअपच्या ब्रेकवर. ती ओरडली नाही. म्हणाली, "घोडे आत असले की होतं, सांगितलं होतं की."

माझ्यापर्यंत ते वाक्य आलंच नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घोडे आणायला लावले. निळ्या वायरीला क्लॅम्प, लिव्हर बाईच्या हातात, गाडी हळूहळू फाटकाजवळच्या खड्ड्यातून. 13, 13, 13... एकदम आकडा उडाला आणि शून्य. शॉर्ट बघून कंट्रोलरनं करंट तोडला, हात वर केले.

घोडे उतरवून एकेक ॲक्सल सोडवत गेलो. मागच्या ॲक्सलच्या पोकळ नळीतून वायर या चाकाकडून त्या चाकाकडे नेलेली होती. छिद्राला रबर नाही. वजन पडलं की स्प्रिंग दबतात, ॲक्सल वर येतो, ढिली पडलेली वायर धारदार कडेवर टेकते. ओढून काढली तर अर्धा इंच इन्शुलेशन सोललेलं, तांबं नव्या नाण्यासारखं चकचकीत. कारखान्यातून असं सोडणाऱ्याला एकदा कॉक्रनच्या उतारावर न्यायला पाहिजे.

नवी वायर नळीच्या बाहेरून, लूममध्ये (वायरीवरची प्लास्टिकची नळी), क्लिपा मारून, सोल्डर करून दिली. पैसे घेतले नाहीत. त्यावरून मालकाशी वाजलं ते वेगळं.

जाताना बाईनं सहज सांगितलं, पहिल्याच दिवशी काउंटरवर तिनं विचारलं होतं, "घोडे घेऊन येऊ का?" पोरगा हसला होता म्हणे.