हे कशाचं आहे?

जुना डबा वर्तमानपत्रावर उपडा केला की आधी खडखडाट होतो, मग गंजाची तांबूस भुकटी पडते, आणि तळाशी चिकटलेली ती वस्तू सगळ्यात शेवटी. वीतभर लांब, चपटी, एका टोकाला निमुळती. पान्हा नाही, छन्नी नाही, बिजागरीचा तुकडाही नाही. जो तो ती हातात घेतो, उलटीसुलटी करतो, "कशाचं तरी असेल" म्हणतो आणि परत डब्यात टाकतो. फेकत मात्र कोणीच नाही. फेकली की दुसऱ्याच दिवशी ती लागते, हे सगळ्यांना पाठ असतं.

माझं मत असं, की नावाच्या मागे लागूच नये. आधी ती कुठे घासली गेली आहे ते बघावं. डोक्याच्या कडा फुलून बाहेर वळल्या असतील तर तिच्यावर हातोडा पडत होता, म्हणजे सुंबा किंवा छन्नीच्या कुळातलं काहीतरी. दोन्ही टोकं मळकट आणि मधलाच पट्टा चकचकीत असेल, तर ते कशाच्या तरी आत सरकत किंवा फिरत होतं. मग ते हत्यारच नव्हे, यंत्राचा सुटा भाग आहे, आणि हत्यारांच्या चित्रांत शोधून काही उपयोग नाही. गोल भोक एकाच बाजूला लांबट झालंय? तिथली पिन ढिली होती आणि ओढ त्या बाजूची होती.

म्हणूनच वस्तू हाती पडताक्षणी तारेच्या ब्रशने घासायला बसणाऱ्यांचा मला राग येतो. गंजाखाली बनवणाऱ्याचा ठसा असतो, तोही उथळ. ग्राइंडरला लावलेला ब्रश गंजाबरोबर ठसाही नेतो आणि झिजेच्या खुणाही. वस्तू रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवावी, सकाळी चिंधीने आणि जुन्या टूथब्रशने साफ करावी. अक्षरं तरीही पुसट असतील तर खडूची भुकटी चोळून वरची पुसून टाकायची. खाचेतली तशीच राहते. टॉर्च समोरून मारू नये, बाजूने आडवा धरावा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती आट्यांत. आठ मिलिमीटरचा, म्हणजे एम ८ बोल्ट व्हर्नियरने मोजला तर ७.८ ते ७.९ भरतो, कारण बोल्ट नेहमी नावापेक्षा किंचित बारीक केलेला असतो. आता ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. नुसत्या व्यासावर गेलं की दोघं जुळे भाऊ. वेगळेपण पिचमध्ये, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधल्या अंतरात आहे. पहिल्या आट्याच्या माथ्यापासून अकराव्याच्या माथ्यापर्यंत मोजायचं: साधा एम ८ असेल तर १२.५ मिलिमीटर, इंचाला १८ आटे असलेला ५/१६ असेल तर १४.१. दहा आट्यांवर दीड मिलिमीटरचा फरक साध्या पट्टीवरही दिसतो. एवढा लांब आटाच नसेल, तर ओळखीचा बोल्ट शेजारी धरायचा, आट्यात आटे बसवायचे आणि दोन्ही उजेडाकडे करून बघायचे. मधे फट दिसली की पिच वेगळा. हे न करता नट चढवून बघणारे असतात. तो दोन फेरे हाताने जातो, मग अडतो, मग "पान्ह्याने जाईल" असं कोणीतरी म्हणतं. जातोही. पण नटचे आटे कायमचे जातात.

पिच जुळूनही गेज (आटे ताडून बघायची दातेरी पट्टी) नीट बसत नसेल तर आट्याचा कोन बघावा. मेट्रिक आट्याचा कोन ६० अंशांचा, जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ आट्याचा ५५. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सगळ्यांनी एकच माप वापरावं असं सुचवलं. त्याआधी बहुतेक कारखाने आपापले आटे पाडत, त्यामुळे तेव्हाच्या बोल्टला दुसरीकडचा नट लागेलच असं नाही. असा बोल्ट नटसकट सापडला तर दोघांची ताटातूट करू नये.

नळाच्या आट्यांची तर न्यारीच तऱ्हा. ज्याला सगळे अर्धा इंची म्हणतात तो बीएसपी (ब्रिटिश स्टँडर्ड पाइप) आटा बाहेरून जवळजवळ २१ मिलिमीटर भरतो. अर्धा इंच हे माप नळीच्या पोकळीवरून आलं, आट्यावरून नव्हे. हे ठाऊक नसलेला माणूस व्हर्नियरच बिघडलाय असं समजतो.

नटच्या सहा कोपऱ्यांवर बारीक खाच दिसली तर बहुधा आटे उलटे, डावीकडे फिरवून आवळायचे. जळणाऱ्या गॅसच्या रेग्युलेटरवर असे नट असतात. सायकलच्या डाव्या पेडलचे आटेही उलटेच, खाच असो वा नसो. आणि ड्रिलच्या पात्यासारखं दिसणारं, पण उलट्या पिळाचं आणि टोकाकडे निमुळतं काही निघालं, तर ते भोक पाडत नाही. तुटून आत अडकलेला स्क्रू बाहेर काढायचं ते हत्यार.

बोल्टच्या डोक्यावरचे आकडे मात्र सरळ बोलतात. ८.८ म्हणजे तुटेपर्यंत ८०० मेगापास्कल (ताणाचं एकक) सोसणार, आणि त्याच्या ८० टक्क्यांवर कायमचं लांबणं सुरू. आकडाच नसलेला बोल्ट पडदा अडकवायला बरा, ब्रेकला नाही. बेअरिंगवर ६२०४ असेल तर शेवटचे ०४ पाचने गुणायचे, आतलं भोक २० मिलिमीटर.

धातू कोणता हे लोहचुंबक अर्धंच सांगतो. चिकटला तर बहुधा लोखंड किंवा पोलाद; नाही चिकटला तर पितळ, ॲल्युमिनियम, जस्त, नाहीतर बरंचसं स्टेनलेस. वरून क्रोमचा मुलामा असेल तर रंगही कामाचा नाही. मग वजनकाटा काढायचा. आधी वस्तू कोरडी तोलायची. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि वस्तू दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही अशी धरायची. काटा जितके ग्रॅम वाढेल तितके मिलिलिटर तिचं आकारमान. कोरडं वजन २१० आणि वाढ २५ असेल तर भागाकार ८.४, म्हणजे पितळ. पोलाद ७.८ च्या आसपास, ॲल्युमिनियम २.७, शिसं ११.३. वस्तू पोकळ असेल किंवा हवेचा बुडबुडा चिकटला असेल तर आकडा खाली येतो, म्हणून बुडवल्यावर एकदा हलवून घ्यावी.

ती चपटी निमुळती पट्टी? तिची एक कड सरळ आणि दुसरी गोलसर असेल तर तो ड्रिफ्ट. मोठ्या ड्रिल मशीनच्या स्पिंडलला, म्हणजे ड्रिल धरून फिरणाऱ्या दांड्याला, आडवी खाच असते. गोल कड खाचेच्या वरच्या बाजूला, सरळ कड ड्रिलच्या शेपटीवर ठेवून हातोडीचा एक टोला दिला की आत घट्ट बसलेलं ड्रिल सुटतं. खाली लाकडाची फळी ठेवायची, नाहीतर ते टेबलावर पडून टोक जातं.

दुसऱ्याला विचारायचं झालं तर तीन बाजूंनी फोटो, शेजारी पट्टी, वजन, आणि वस्तू कशाशेजारी सापडली तेही. हे शेवटचं लोक सांगत नाहीत आणि बरेचदा उत्तर तिथेच असतं.

एका जातीच्या वस्तूला मात्र यातलं काहीच लावायचं नाही. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात, ओस पडलेल्या दवाखान्यातून दोघांनी कर्करोगाच्या उपचारयंत्राचा जड भाग भंगारासाठी उचलला आणि खोलला. भंगारवाल्याला आतल्या पदार्थाचा निळा उजेड दिसला. कुतूहलाने त्याने तो घरी नेला, नातेवाइकांना दाखवला, थोडा थोडा वाटलाही. ते किरणोत्सारी सीझियम १३७ होतं. चार माणसं गेली, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. २००७ मध्ये अशा यंत्रांसाठी नवं चिन्ह आलं: लाल त्रिकोण, वरून येणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस. ते यंत्राच्या आत, किरणोत्सारी भागाजवळ लावतात. झाकण बंद असताना ते दिसत नाही, कोणी खोलायला लागलं तरच दिसतं. दिसलं तर वस्तू तिथेच सोडायची, सगळ्यांना लांब न्यायचं आणि पोलिसांना फोन करायचा.