किलपेकचं चर्च: दारापाशीच थांबू नका, छपराखालीही पाहा

इंग्लंडमधल्या हेरेफर्डशर परगण्यातलं किलपेकचं चर्च इतकं लहान आहे, की अर्ध्या तासात पाहून होईल असं वाटतं. पण दोन तास हाताशी ठेवाच. ११४०च्या सुमाराचं हे रोमनेस्क, म्हणजे गोल कमानींच्या मध्ययुगीन युरोपीय शैलीतलं (तिकडे 'नॉर्मन' म्हणतात) बांधकाम. लाल वालुकाश्मातलं इथलं कोरीवकाम नवल वाटावं इतकं शाबूत आहे.

हेरेफर्ड स्टेशनपासून ए४६५ रस्त्याने अंतर साधारण १३ किलोमीटर. बस तुरळक, म्हणून परतीची वेळ आधी पाहा. टॅक्सी केलीत तर येण्याजाण्याचं एकदमच ठरवा.

वेळ निवडताना ऊन बघा. उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो आणि छपराच्या कडेची सावली नेमकी कोरीव ठोकळ्यांवर पडते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ऊन दक्षिण भिंतीला घासत जातं, तेव्हा छिन्नीची एकेक रेघ उठून दिसते. हिवाळ्यात मात्र दुपारच चांगली, कारण सूर्य खालीच असतो. उत्तरेची बाजू बहुतेक वेळ सावलीत. तिथे दुर्बीण लागतेच, ८ पटींची पुरते.

दक्षिण दारावर माथ्याच्या अर्धवर्तुळात द्राक्षवेल आहे. नजर तिथून खाली आणा: डावीकडच्या आतल्या खांबावर वेलींत गुरफटलेले, सैल विजारी घातलेले दोन योद्धे आहेत. विजारींच्या चुण्यासुद्धा मोजता येतात. हात लावू नका; वालुकाश्म घर्षणाने झिजतो.

मग चर्चला पूर्ण फेरी मारा. छपराखाली ८०हून जास्त ठोकळे आहेत, त्यांना 'कॉर्बेल' म्हणतात. बहुतेक जण दाराचा फोटो काढून आत शिरतात आणि हे राहून जातं. शेजारी शेजारी बसलेले कुत्रा आणि ससा जरूर शोधा. कुत्र्याचे लोंबते कान, डोळ्यांतला भोळेपणा, सगळं एका ठोकळ्यात. पूर्वेच्या अर्धगोल भागावर शीला-ना-गिग आहे, दोन्ही हातांनी योनी उघडून दाखवणारी. आपल्याला लज्जागौरी आठवते. मात्र दोन्ही परंपरा वेगळ्या. पश्चिम भिंतीतून बाहेर झेपावलेली जबडा वासलेली तोंडं पाहायची तर चार पावलं मागे सरका.

आत गर्भभागाच्या कमानीच्या दोन्ही बाजूंना एकावर एक तीन संत उभे आहेत. ढगाळ दिवशी छोटी टॉर्च जवळ असावी. प्रकाश समोरून टाकू नका, चेहरे सपाट दिसतात; बाजूने धरा.

गवत ओलं असतं, बूट तसेच घाला.