टीव्हीखालचा डबा, अपडेट ३: पंखा आणि तानपुरा

तर मंडळी, पिक्चर आणि गाणी लावायला टीव्हीखाली आता तिसरा कॉम्प्युटर बसलाय आणि बायकोनं विचारायचंच सोडून दिलंय.

पहिला रास्पबेरी पाय ४, तळहाताएवढा एका बोर्डाचा कॉम्प्युटर. गाण्याला लई झकास, पंखाच नाही. पण मी शहाणा, मोबाईलचा चार्जर आणि कुठलीतरी पातळ केबल लावून बसलो, मग पिक्चर चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह चमकायचं, ते व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की येतं हे मला दोन महिन्यांनी कळलं. ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा नीट सप्लाय घेतला, ती स्क्रीनवरची वीज गेली, पण पावसाळ्यात घरातली वीज पण जाते ना, त्यात मेमरी कार्ड दोनदा करप्ट झालं. आता एक स्वस्तातला यूपीएस लावलाय, खरं तर तो पहिल्या दिवशीच घ्यायला पाहिजे होता.

पाय ५ का नाही असं विचारणार तुम्ही. त्यात एच.२६४ (बहुतेक व्हिडिओंचा फॉरमॅट) उलगडणारा हार्डवेअर डिकोडर काढून टाकलाय, सप्लाय ५ अँपिअरचा पाहिजे, वर कूलर, केस, एसएसडी जोडायची हॅट (वर बसवायचं जादा बोर्ड), सगळं धरून बेरीज केली तर मिनी पीसीच्या किमतीच्या दारात जाऊन उभं राहतोय आपण.

म्हणून इथल्याच, कोल्हापुरातल्या राजारामपुरीतनं ऑफिसमधनं निघालेला सेकंडहँड छोटा डबा आणला, आत इंटेलची आय५ ६५००टी चिप. दणकट, स्वस्त. पण ही सहावी पिढी, १० बिट एचईव्हीसी (फोरके पिक्चरचा नेहमीचा फॉरमॅट) पूर्ण हार्डवेअरवर चालत नाही, ते सातव्यापासनं. फोरके फाईल लावली की सगळं ओझं सीपीयूवर आणि पंखा असा सुटतोय की गिरणी चालू केल्यागत. परत दिला, दुकानदारानं पाचशे कापले, असू दे.

आता इंटेलच्या एन१०० चिपचा मिनी पीसी आहे. १० बिट, एव्ही१ हा नवा फॉरमॅट, सगळं आरामात. वर लिब्रेइलेक (टीव्हीवर पिक्चर-गाणी लावायची सिस्टीम) टाकलंय, गाणी पण त्यातच, फ्लॅक (दर्जा न घटवलेल्या फायली) सगळी यूएसबी डॅकवरनं, म्हणजे डिजिटलचा आवाज करणाऱ्या डबीतनं, ॲम्प्लिफायरला.

पण खरी गंमत इथंच. पंखा बारीक आहे, दिवसा रस्त्याच्या आवाजात ऐकू पण येत नाही. गायिका केसरबाई केरकरांच्या जुन्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्ड लावल्या तर काहीच जाणवत नाही, खरखरीत सगळं झाकलं जातं. रात्री जयपूर घराण्याचे गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांची मैफल लावली, तानपुरा सुरू झाला आणि पंख्याचा बारीक सूर त्याच्या किंचित खाली, बेसूर! त्या घराण्याचे मूळ उस्ताद अल्लादिया खाँसाहेब जिथं राहिले त्या गावात राहून हे चालवून घ्यायचं? पिक्चरला तोच पंखा चालतोय, आलापाला नाही. बायॉसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन पॉवर लिमिट ६ वॅटवर आणली (इंटेलनं या चिपला ठरवलेला टीडीपी, म्हणजे उष्णतेचा अंदाज, तेवढाच आहे), पंखा ६० डिग्रीच्या आत फिरायचाच नाही असं सेट केलं. गाणी लावली की पारा ४५ च्या आसपास, म्हणजे पंखा बंदच. मेनू जरा सुस्त झालाय, मला चालतंय.

एवढं झाल्यावर गप्प बसलेल्या ॲम्पमधनं हम्म्म ऐकू यायला लागलं. आधी पण असणार, पंख्याखाली दडलेलं. एकेक वायर काढत गेलो. एचडीएमआय काढली, बंद. परत लावली, चालू. मग एचडीएमआय तशीच ठेवून टीव्हीच्या मागची केबलवाल्याची वायर उपटली, एकदम शांत. बाहेरनं त्या वायरीच्या जाळीवरनं येणारं अर्थिंग टीव्हीतनं, एचडीएमआयतनं, डॅकतनं थेट ॲम्पपर्यंत पोचत होतं, म्हणजे ग्राउंड लूप, दोन अर्थिंगची जुळलेली कडी. टीव्हीच्या ऑप्टिकलमधनं आवाज काढला तर लूप तुटतो, पण मग गाणी ऐकायला टीव्ही चालू ठेवायचा, ते काय पटलं नाही. केबलला लावायचा आयसोलेटर (ही कडी तोडणारा जोड) मागवलाय.

तोवर मन्सूर ऐकायचे असले की मागं हात घालून वायर काढायची आणि आईची मालिका लागायच्या आत परत खुपसायची.