३५० सीसी, खारा वारा आणि आमच्या सड्याचा चढ

जून

यंदा, २०२५ साली, पाऊस २५ मेलाच तळकोकणात उतरला, त्यामुळे पावसाळ्याआधीची सगळी कामं घाईत उरकावी लागली. माझ्या रॉयल एनफिल्डच्या ४११ हिमालयनची चेन आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चक्र) फिटरने तपासली. अजून एक पावसाळा सहज निघेल, असं त्याचं मत. माझंही तेच. म्हणजे पुढची गाडी कोणती हे ठरवायला दिवाळीपर्यंत वेळ मिळाला, आणि ही नोंद त्यासाठीच.

३५० ते ४५० सीसीच्या गाड्यांची तुलना सहसा मोकळ्या हायवेवर होते. शून्य ते शंभर किती सेकंदांत, शंभरला व्हायब्रेशन किती, वगैरे. गुहागर तालुक्यात राहणाऱ्याला त्याचा उपयोग थोडाच. चिपळूणला जाऊन ६६ नंबरच्या महामार्गाला लागेपर्यंत शंभरचा आकडा दिसत नाही. माझ्या कसोट्या वेगळ्या आहेत. वाडीतून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, जाणारा उखडलेला जांभ्याचा चढ. धोपावे जेटीचा उतार, ओहोटीला उघडा पडलेला आणि शेवाळलेला. मागे साडी नेसून एका बाजूला बसलेली काकू. आणि वर्षभराचा खारा वारा. या चारही ठिकाणी जी टिकेल ती गाडी आपली.

श्रावण

आधी गंजाबद्दल, कारण तुलनेच्या तक्त्यात तो कधीच नसतो.

मीठ हवेतली ओल ओढून घेतं. पाऊस थांबला, ऊन पडलं, गाडी कोरडी दिसली, तरी बोल्टच्या डोक्याखाली आणि स्पोकच्या निपलमध्ये तो खारट ओलावा बसून राहतो. क्रोम हा मुळात फार पातळ थर. त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात, त्यातून ओल आत जाते आणि खालचं लोखंड फुलतं. म्हणून क्रोमची चकाकी आतल्या गावात शोभते, किनाऱ्याला साधा काळा पावडर कोट जास्त वर्षं काढतो, अर्थात त्यावर दगड लागून टवका उडाला नसेल तर. स्टेनलेसचा बोल्ट थेट अ‍ॅल्युमिनियममध्ये बसवला तर खाऱ्या ओलीत दोन धातूंची आपसांत जुंपते आणि झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. आट्यांना ग्रीस लावून बोल्ट बसवला की हे बरंच टळतं.

चेनचंही तसंच. ओ-रिंग चेनमध्ये पिन आणि बुशमधलं ग्रीस कारखान्यातच बंद केलेलं असतं. ते टिकवायचं तर रबराच्या रिंगा शाबूत राहायला हव्यात, म्हणून पेट्रोलने धुवायची नाही. मी रॉकेलचा बोळा फिरवतो, पुसतो आणि वर ९० नंबरचं गिअर ऑइल लावतो. शेजारच्या स्प्लेंडरची चेन मात्र बंद कव्हरात असते, तिला यातलं फारसं काहीच लागत नाही. दोन-अडीच लाखांच्या गाडीची चेन उघडी आणि स्प्लेंडरची झाकलेली, हे मला दर पावसाळ्यात नव्याने खटकतं. पूर्ण झाकलेली चेन असलेली एक तरी मधल्या ताकदीची गाडी कोणीतरी काढावी, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

रेडिएटरचा प्रश्न याच ओळीतला. पुढच्या चाकामागे बसलेल्या त्या जाळीत लाल चिखल भरतो, वाळतो, आणि वर मीठ. बागेला पाणी घालायच्या नळीने हलक्या धारेने धुवावी लागते, जोराची धार मारली तर पात्या वाकतात. एअर-कूल्ड, म्हणजे नुसत्या वाऱ्याने थंड होणाऱ्या, इंजिनाला हा खटाटोप नाही. त्याची ताकद कमी पडते हे खरं, पण किनाऱ्यावर हा सौदा मला मान्य आहे.

गणपती

चाकरमानी आले की वाडीत न मागता प्रदर्शन भरतं. कोणी मुंबईहून कशेडीमार्गे, कोणी पुण्याहून कुंभार्ली घाट उतरून. विसर्जनाच्या आदल्या दिवशी पावसाने उघडीप दिली आणि आम्ही सगळ्या गाड्या त्याच चढावर, त्याच दुपारी, आळीपाळीने चालवल्या. कागदावर महिनाभर डोकं घालून जे कळलं नसतं ते तिथे कळलं.

मामेभावाची रॉयल एनफिल्ड हंटर ३५० पहिली चढली. १८१ किलो, दोन्ही चाकं १७ इंची, वळायला फार हलकी. त्याची गाडी २०२२ची आहे. चढाच्या मधल्या टप्प्यात जिथे जांभ्याचा एक चिरा वर आलाय, तिथे त्याला उभं राहून, बाजू बघून गाडी काढावी लागली. शेजाऱ्यांकडची २०२५ची हंटर तोच चिरा बसल्या बसल्या ओलांडून गेली. नव्या मॉडेलला जमिनीपासूनची उंची १० मिलिमीटरने वाढवली आहे, मागच्या स्प्रिंगा बदलल्या आहेत आणि क्लच स्लिप-असिस्टचा, म्हणजे हाताला हलका, दिला आहे. दहा मिलिमीटर म्हणजे बोटभरही नाही, पण आमच्या चढावर तेवढ्यानेच फरक पडला. कंपनीने लोकांचं ऐकून केलेला बदल असा दिसला की बरं वाटतं.

मग होंडाची हायनेस सीबी३५०. ही गाडी मी आजवर उगीच ‘शहरी’ गटात टाकत आलो होतो असं कोणी म्हणेल, पण मला तिचा तक्ता पहिल्यापासून आवडतो: ३० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, आणि तोही इंजिनाच्या मिनिटाला ३००० फेऱ्यांना. रॉयल एनफिल्डच्या ३४९ सीसी इंजिनात २७ आहे, ४००० फेऱ्यांना. हजार फेऱ्यांचा हा फरक चढावर हाताला कळतो. दुसऱ्या गिअरमध्ये, क्लचला बोट न लावता, अगदी माणसाच्या चालीने ती वर गेली. चाक घसरायला लागलं की ताकद कमी करणारा ट्रॅक्शन कंट्रोल शेवाळावर कामाचा. सुट्या लाल खडीवर मात्र तो बंद केलेलाच बरा, नाहीतर ऐन चढात ताकद कापतो. तिच्यात एकच गोष्ट कमी पडते: पोट जमिनीपासून १६६ मिलिमीटरवर. आणखी तीस-चाळीस मिलिमीटर असते तर मी हा शोध तिथेच थांबवला असता.

चुलतभाऊ ट्रायम्फ स्पीड ४०० घेऊन आला होता. ४० पीएस (अश्वशक्ती), ३७.५ न्यूटन मीटर, चाकणला बजाजच्या कारखान्यात बनलेली, आणि बांधणी बघत बसावी इतकी नेटकी. चिपळूणच्या रस्त्याला तिच्यासारखी मजा या गटात दुसरी कोणी देत नाही. पण तिचा सगळा जोर ६५०० फेऱ्यांच्या आसपास. आमच्या चढावर पहिला गिअर आणि अर्धा क्लच याशिवाय गत्यंतर नव्हतं. गाडीत खोट काहीच नाही, ती वेगळ्या रस्त्यासाठी जन्मली आहे.

हिमालयन ४५०बद्दल मला सगळ्यात जास्त उत्सुकता होती, कारण माझ्या ४११ची वारस तीच. ४५२ सीसी, लिक्विड-कूल्ड, ४० पीएस, ४० न्यूटन मीटर, सहा गिअर, जमिनीपासून २३० मिलिमीटर. चढाची तिने दखलही घेतली नाही. नंतर आम्ही धोपाव्याला गेलो. दाभोळहून आलेल्या जंगलजेटीतून, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीतून, गाड्या उतरतात, तो उतार ओहोटीला लांब होतो आणि मधेच कोणीतरी थांबलं की सगळ्यांनाच थांबावं लागतं. माझी उंची पाच फूट चार इंच. ४११ची सीट ८०० मिलिमीटरवर आहे, तिथे माझा चवडा पूर्ण टेकतो. ४५०ची मूळ सीट सगळ्यात खाली घेतली तरी ८२५. कागदावर ती ४११पेक्षा तीन किलोंनी हलकी आहे, पण शेवाळावर नुसती बोटं टेकवून १९६ किलो तोलताना ते तीन किलो काही मदतीला येत नाहीत.

काकूचा निकाल वेगळाच लागला. देवळापर्यंत तिला एकेका गाडीवर नेलं. स्पीड ४००वरून उतरल्यावर म्हणाली, “अरे, हात धरायचा कुठे रे? तुझ्या भावाचा शर्ट फाटला असता.” एनफिल्डच्या क्लासिक ३५० आणि होंडाच्या हायनेसवर ती निवांत बसली, कारण सीट सपाट आणि साडीगार्ड नीट. माझ्या ४११च्या मागच्या कॅरिअरचं तिने कौतुक केलं. दोन माणसं, नारळाची पिशवी आणि मागून येणारा पाऊस, हा आमच्याकडचा खरा भार आहे. कंपनीच्या चाचणी-रस्त्यावर असा भार कोणी लादत असेल का, असं मनात आलं.

घटस्थापना

२२ सप्टेंबर. आजपासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्यावरच्या गाड्यांना आधी उपकर धरून ३१ टक्के पडायचे, आता ४०. कालपर्यंत ३५० सीसीच्या या वेशीच्या अलीकडे-पलीकडे तीन टक्क्यांचं अंतर होतं, आज बावीस टक्क्यांचं. रॉयल एनफिल्डच्या ३५०च्या किमती २२ हजारांपर्यंत उतरल्या. ३४८.३६ सीसीची होंडा आणि ३४९ची एनफिल्ड वेशीच्या आत बसल्या. ट्रायम्फची ३९८, केटीएमची नवी ३९९, एनफिल्डच्याच स्क्रॅम ४४०ची ४४३, हिमालयनची ४५२ बाहेर.

स्क्रॅम ४४०चं मला विशेष वाईट वाटलं. ४११चंच इंजिन वाढवून ३४ न्यूटन मीटरचं केलं, आणि ज्याची वर्षानुवर्षं वाट पाहिली तो सहावा गिअर अखेर दिला. गाडी याच वर्षी जानेवारीत आली आणि सप्टेंबरात चाळीस टक्क्यांत गेली.

मग वेशीच्या आत, चढ चढणारी, उंच पोटाची गाडी कोणती? सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७ किलोची आहे, भरवशाची आहे, पण २२.२ न्यूटन मीटर ७३०० फेऱ्यांना. हिरोची एक्सपल्स २१० मला फार आवडते, मात्र तिचाही जोर सात हजारांच्या वर येतो. मागे काकू बसली की चढावर इंजिन ओरडवावं लागेल. राहिली येझदी अ‍ॅडव्हेंचर: ३३४ सीसी, पुढे २१ इंची चाक, सुमारे ३० न्यूटन मीटर. माझ्या कल्पनेच्या सगळ्यात जवळ आजच्या घडीला हीच येते. फक्त तिचाही टॉर्क वरच्या फेऱ्यांत आहे, आणि पुढ्यात रेडिएटर आहे.

दिवाळीनंतर

मिलानच्या मोटरसायकल प्रदर्शनातून बातमी आली ती एनफिल्डच्या बुलेट ६५०ची. गोव्यात वागातोरला एनफिल्डचा मेळावा, मोटोव्हर्स, भरला, वाडीतली दोघं सागरी महामार्गाने जाऊन आली आणि ६५०चेच फोटो दाखवत बसली. मोठ्या गाड्या सुंदर आहेत, प्रश्नच नाही. पण मला हवं ते खालच्या मजल्यावर आहे आणि त्याचे सगळे सुटे भाग आधीच तयार आहेत, म्हणून जीव तुटतो.

क्लासिकचं ३४९ सीसी एअर-कूल्ड इंजिन घ्या. त्याला स्क्रॅम ४४०सारखा सहावा गिअर द्या. पुढे १९ इंची चाक, स्पोकचं पण ट्यूबलेस. हिमालयन ४५०ला ते मिळतंच, तेव्हा बनवता येत नाही असं नाही. पोट दोनशे मिलिमीटरवर, सीट आठशेवर, वजन १८०च्या आत, टाकी पंधरा लिटर. एनफिल्डच्या गुरिला ४५०ची ११ लिटरची टाकी शहरात चालेल, किनाऱ्याच्या आडरस्त्याला नाही. सायलेन्सर स्टेनलेसचा, क्रोम कुठेच नको, आणि चेन झाकलेली. होंडाने हायनेसचं तेच इंजिन उंच फ्रेममध्ये बसवलं तर मी होंडाच्या दारात पहिला उभा असेन, कारण ते ३००० फेऱ्यांचे ३० न्यूटन मीटर अजून हातात आहेत. करामुळे आता साडेतीनशेच्या आत चांगली गाडी काढायला दोन्ही कंपन्यांना कारणही मिळालं आहे.

डिसेंबर

नवी गाडी या वर्षी नाही. ४११ला नवी चेन आणि स्प्रॉकेट मागवली. पुढचं स्प्रॉकेट मात्र पंधराऐवजी चौदा दातांचं घेतलं, म्हणजे गिअरिंग सुमारे सात टक्क्यांनी खाली येईल. हायवेला इंजिन थोडं जास्त फिरेल, ते चालेल. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये, काकूला मागे घेऊन, क्लच न दाबता जाता येतं का ते शिमग्याच्या आधी तपासून इथे लिहीन.

तोवर देवगड, मालवण, वेंगुर्ल्याकडे कोणी येझदी अ‍ॅडव्हेंचर पूर्ण पावसाळाभर चालवली असेल तर दोन गोष्टी जरूर कळवा: रेडिएटरच्या पात्यांची अवस्था आज काय आहे, आणि दोन माणसांनिशी दुसऱ्या गिअरमध्ये ती किती कमी फेऱ्यांवर ओढते.