खताचा डबा उपाशी ठेवताना: श्रावणातली नोंद

गच्चीवरच्या खताच्या डब्यात काय पडतं ते तोलून वहीत लिहायला लागल्यापासून माझा रोखच बदलला. पूर्वी डबा लवकर भरला की आनंद व्हायचा. आता जितका रिकामा तितकं बरं. टाकलेल्या भाताचं खत झालं तरी तांदळाचे पैसे परत येत नाहीत. शिवाय भातखाचरात पाणी तुंबून चिखलाला हवा मिळत नाही, तिथे मिथेन तयार होतो. तोच भात कचरा डेपोत गेला की ढिगाखाली पुन्हा मिथेन. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. हवा खेळती ठेवलेलं घरचं खत दुसरा फटका टाळतं, पहिला नाही.

वहीत दोन रकाने आहेत: ‘खाता आलं असतं’ आणि ‘खाण्याजोगं नव्हतंच’. केळ्याची सालं, चहाचा चोथा दुसऱ्यात. (संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली भारतीय घरांसाठी दिलेला माणशी वर्षाला ५५ किलोंचा अंदाज दोन्ही मिळून आहे, तुलना करताना लक्षात घ्या.)

पहिल्या रकान्यात सगळ्यात जड निघाल्या पालेभाज्या आणि रात्रीचा भात. कोथिंबीर आता आणल्या आणल्या निवडते, धूत नाही, सुती फडक्यात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवते. फडकं दमट झालं की बदलते. काड्या वाटणात जातात. भात उरलाच तर निवताच फ्रिजमध्ये, सकाळी फोडणीला. रात्रभर ओट्यावर राहिलेला मात्र खतातच घाला. त्यात वाढणाऱ्या काही जंतूंचं विष फोडणीनेही जात नाही, तिथे काटकसर नको.

दोडक्याच्या शिरा या महिन्यात एकदाही डब्यात गेल्या नाहीत. मंद आचेवर थोड्या तेलात कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, मग तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट घालून भरड कुटायच्या. दुधीची सालंही याच वाटेने जातात, फक्त आधी चाखून बघा. कडू निघाला तर अख्खा दुधीच टाकायचा.

महिन्याच्या भाजीखर्चात लक्षात येण्याजोगी घट आहे, मुख्यतः जुड्या कमी आणल्यामुळे.

आता गणपती. उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या आमच्याकडे होतातच, ऋषीच्या भाजीत लाल माठाचे जाड देठही खपतात. राहतो तो नारळाचं दूध काढल्यावरचा चोथा. तो कोरडा भाजून वाटणात घालून बघणार आहे. कुणी थालिपिठात घातला असेल तर किती प्रमाणात, ते नक्की कळवा.