कुलरसमोरची जागा

पुण्याहून निघालेली गाडी फाट्यावर सोडते तेव्हा सकाळचे अकराच वाजलेले असतात, पण ऊन केव्हाचंच डोक्यावर आलेलं असतं. घरात पाय ठेवला की मोठे बाबा पाण्याचा तांब्या पुढे करतात आणि खाटेवर पसरलेल्या कुणाला तरी म्हणतात, "सरक बे, बापूले बसू दे कुलरसमोर." वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात मे महिन्यात माणसाचा मान हा असा मोजतात. लग्नात तर अगदी उघड. मांडवात कपाटाएवढे कुलर घरघरत असतात आणि पहिल्या रांगेत वरपक्ष. एका लग्नात व्याही जेवायलाच उठेनात. आहेर, मानपान सगळं तपासून झालं, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की त्यांची खुर्ची कुलरच्या पाठीमागे पडली आहे.

आमचा कुलर पत्र्याचा. माझ्या दहावीच्या सुट्टीत बैलबंडीवर घालून आणलेला. तीन बाजूंना गवत भरलेल्या ताट्या, खाली टाकी आणि पाणी वर चढवणारी मुठीएवढी मोटर. ओल्या गवतातून कोरडी हवा ओढली की पाणी उडतं आणि जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. माठाचंच शास्त्र, फक्त पंखा जोडलेलं. पण त्याला हवा कोरडी लागते, आणि ती आमच्याकडे तुराट्यांसारखी वाळलेली असते. मुंबईच्या चुलतभावानं हौसेनं एक कुलर नेला, तर दुसऱ्या दिवशी घरातल्या माणसांबरोबर भिंतींनाही घाम. महिनाभरात तो ट्रकवर चढून गावी आला. मोठे बाबा खूश. मुंबईला गेलेली विदर्भाची एक वस्तू तरी परत आली, म्हणाले.

त्यांचं राजकारणही कुलरसमोरच चालतं. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात होतं, ते बहुधा डिसेंबरात, संत्री खायच्या दिवसांत. "एकडाव मे महिन्यात भरवा म्हना," मोठे बाबा म्हणतात, "अनुशेष आठ दिवसात निघते." २०१८ साली ते जुलैत भरवलं, तर पावसाचं पाणी शिरून विधानभवनातली वीज गेली आणि दिवसभराचं कामकाज तहकूब झालं. यावर मोठ्या बाबांचं म्हणणं, "लाईन गेली तं त्याइले सुट्टी. आमी रातच्या लाईनीवर ओलित करतो तं आमाले काय?" लोकसभेचं मतदानही आम्ही ऐन उन्हाळ्यात करतो. २०२४ मध्ये वर्ध्याची पाळी २६ एप्रिलला होती, आणि गावाचं मत असं की मतदान केंद्रात कुलर असता तर टक्का वाढला असता. हे मला पटतं.

त्याच वर्षी मे संपता संपता नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मला हात जोडलेली चित्रं आली, जणू मी गेलोच. पुढे हवामान खात्यानं सांगितलं की यंत्रात बिघाड होता. मोठे बाबा म्हणाले, "छप्पन नसन, पन लेकाच्या त्या यंत्रालेबी ऊन लागलं ना!"

पुण्यात माझ्या घरी एसी आहे. तो लावला की दार बंद, खिडकी बंद, फटीला टॉवेल. पोरगा त्याच्या खोलीत, आम्ही आमच्या. चहा झाल्याचा निरोपसुद्धा मोबाइलवर जातो. कुलरला हे चालत नाही. समोरचं दार उघडं नसेल तर ओल कोंडते आणि अंगाला कपडे चिकटतात. "दार लावू नको बापू, हवा फिरली पायजे." आणि दार उघडं म्हटल्यावर हवा बाहेर जाते, गाव आत येतं. कापसाचा भाव येतो, कुणाच्या सोयरिकीची बातमी येते. टाकीत डासांच्या अळ्या आहेत का बघायला आशाताई येतात, बॅटरी मारून पाहतात, दर आठवड्याला टाकी कोरडी करा म्हणून दटावतात आणि मग तिथंच अर्धा तास बसतात. त्यांनाही ऊन लागतंच की.

एवढ्या घरघरीत बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. गुपितसुद्धा. परवा रसाळी होती. सोयरे छपरीत पंगतीला बसलेले, ताटात सरगुंडे, वाट्यांत रस. मोठी आई आतून लगबगीनं आली, माझ्या कानाशी तोंड नेलं आणि कुलरवर आवाज काढून म्हणाली, "रसात अजून पानी घालाले सांग, चार चार वाट्या ओढून रायले सोयरे!"

नेमकी "सोयरे"वर लाईन गेली. पाती हळूहळू थांबली. टाकीत थेंब पडायचा आवाज येऊ लागला. छपरीतून थोरल्या सोयऱ्यांनी घसा खाकरला.

"घाला बापा, आमालेबी पातयच आवडते."